पदराच्या गाठीतले बेदाणे

आधी एक सांगते, मला सल्ले देऊ नका. कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड, सगळं मला सांगून झालेलं आहे. एसटीत शेजारी बसलेल्या बाईनं सांगितलं, बँकेतल्या कॅशियरनं सांगितलं, आणि स्वतःच्या पोटात काय चाललंय ते ज्याला कळत नाही अशा प्रत्येक माणसानं सांगितलं. आमच्या सांगली-साताऱ्याकडं उसाचे फड जास्त की शुगरवर सल्ला देणारे जास्त, हे सांगणं अवघड आहे. त्यातला सगळ्यांचा लाडका सल्ला म्हणजे साखर बंद करा, गूळ चालतो. गूळ चालतो म्हणे. गूळ काय कडुलिंबाचा करतात?

मला शुगर आहे. मधुमेह हा शब्द इकडं फक्त दवाखान्याच्या पाटीवर असतो. आणि माझी शुगर म्हाताऱ्या माणसांना असते ती नव्हे. ती मला शाळेत असताना झाली. माझं माहेर तासगावच्या पूर्वेला, कोरड्या मुलखात. आमची पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं हिंडलेली माणसं. वडिलांनी मेंढरं विकून थोडी द्राक्षबाग लावली आणि बेदाण्याचं शेड घातलं, त्या वर्षी मी आठवीत होते. एकाएकी मला तहान लागायला लागली. शाळेच्या टाकीवरून मी हलायची नाही. खायची खूप आणि वाळत चालले होते. गावानं ठरवलं की पोरीला कुणाची तरी नजर लागली. लिंबं उतरली, मिरच्या जाळल्या, आणि एका सकाळी मी उठलेच नाही. वडिलांनी बेदाणे वाहायच्या टेम्पोत मला घातलं आणि सांगलीला नेलं. तिथं शुद्धीवर आले तेव्हा हाताला सलाईन होतं, आणि यापुढं रोज सुया घ्याव्या लागतील असं एक डॉक्टर वडिलांना सांगत होते. वडिलांनी विचारलं, कवापतूर? डॉक्टर म्हणाले, जन्मभर.

निरोगी माणसाच्या अंगात साखरेचं काम कसं चालतं, ते त्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं. तेव्हापासून मला निरोगी माणसांचा राग येतो.

बघा ना. तुम्ही भाकरी खाता. तिची साखर होऊन रक्तात येते. रक्तातली साखर वाढली की पोटाच्या मागं आडवं पडलेलं स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. मग ती साखर अंगातल्या पेशींमध्ये शिरते, आणि वरकड राहील ती यकृत आपल्याकडं साठवून ठेवतं. पुढं तुम्ही दुपारपर्यंत रानात राबलात, पोटात काही नाही, साखर उतरायला लागली, की तेच स्वादुपिंड दुसरा निरोप धाडतं आणि यकृत आपला साठा परत रक्तात सोडतं. आमच्याकडं शेतीला उपसा योजनेचं पाणी पाळीनं येतं, आणि कुणाच्या रानाला किती सोडायचं ते गेटवर बसलेला माणूस बघतो. तुमच्या अंगातला गेटवरचा माणूस कधी झोपत नाही आणि पुढाऱ्याचा फोन आला म्हणून कुणाचं पाणी तोडत नाही. तुम्हाला त्याचं नावही माहीत नसतं. लग्नात पाच जिलब्या हाणून तुम्ही ढेकर देता आणि मला विचारता, तू एवढी बारीक कशी गं?

माझ्या शरीरानं आपल्याच माणसाला चोर समजून मारलं. इन्सुलिन करणाऱ्या पेशीच खलास झाल्या. म्हणून ते बाहेरून टोचायचं. आता हे सुईतलं इन्सुलिन आंधळं असतं. मी जेवले की नाही, ते त्याला दिसत नाही. एकदा आत गेलं की ते साखर उतरवणारच, आणि त्याला परत बोलावता येत नाही. साखर फार उतरली की शरीर बोंब मारतं. हात थरथरतात, छाती धडधडते, थंडगार घाम सुटतो. ही बोंब म्हणजे शरीराची स्वतःला वाचवायची धडपड असते, यकृताला हाक असते की असेल नसेल ते सोड. तेवढ्यानं भागलं नाही तर मेंदू उपाशी पडतो. मग माणूस बरळतो, चिडतो, शिव्या देतो, घरच्यांना ओळखत नाही, आणि शेवटी पडतो. वेळेवर तोंडात साखर घातली तर थोड्या वेळात ठिकाणावर येतो. नाही घातली तर मरतो. इतकं साधं औषध दुसऱ्या कुठल्या दुखण्याला असेल असं मला वाटत नाही.

वडिलांनी एवढं ऐकलं आणि घरी आल्यावर आपल्या शेडमधले मूठभर बेदाणे आणि खडीसाखर फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. फार न बोलणारा माणूस. ते म्हणाले, ‘‘ही गाठ सोडून कुटं जायाचं न्हाई. देवळात बी न्हाई.’’

शाळेत ती गाठ दप्तरात असायची, कॉलेजात पर्समध्ये आणि लग्न झाल्यावर पदराला.

सासर विट्याजवळचं. नवऱ्याचं कोईमतूरला गलाईचं दुकान. सोनं वितळवून शुद्ध करायचं आणि वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि जत्रेला, गावी यायचं. त्या भागातले निम्मे पुरुष असेच. लग्नाआधी माझ्या आईनं माझ्या सासूला सगळ्यांसमोर सांगितलं होतं की पोरीला शुगर आहे. लपवाछपवी केली नव्हती. सासू हसून म्हणाली होती, आमच्या म्हाताऱ्याला बी हाय की, सकाळी एक गोळी खातो आन्‌ वर गुळाचा चा पितो. तिच्या मते विषय संपला होता.

सासऱ्यांची शुगर म्हणजे उतारवयातली. त्यांच्या अंगात इन्सुलिन तयार होतं, पण पेशी त्याचं ऐकत नाहीत. त्या दुखण्याला घरात मान होता. कुणी आलं की सासरे सांगायचे, मला शुगर हाय बरं का, चा बिनसाखरेचा करा. मग सासू त्यात गूळ घालायची.

माझ्या सुया बघितल्या आणि सासूचा चेहरा उतरला. जेवायच्या आधी एक, परत रात्री एक. पहिल्याच आठवड्यात तिनं मला धान्याच्या खोलीत नेऊन बजावलं की हे कुणाला दिसता कामा नये, शेजारणीला नाही आणि भावकीला तर मुळीच नाही. घरात लग्नाची नणंद होती. घरात सुया आहेत म्हटल्यावर तिला कोण करून घेणार, हा तिचा हिशेब. मी म्हटलं, आत्या, मी बाहेरून आलेली, माझं दुखणं नणंदेच्या रक्तात कसं जाईल? ती म्हणाली, लोकं रगत बघत न्हाईत, घर बघत्यात. आणि तिथून माझी सुई धान्याच्या खोलीत गेली. ज्वारीच्या पोत्यांच्या मागं, दार लोटून, पोरं दारू पितात तशी मी इन्सुलिन घ्यायला लागले.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, आईचं ऐक, दिवाळीला आल्यावर बघू. सोनं किती शुद्ध आहे ते त्याला डोळ्यानं कळतं म्हणे. बायकोच्या आवाजातलं त्याला काही कळलं नाही.

मग गावदेवीची जत्रा आली. लग्नानंतरची माझी पहिली, आणि त्या साली दुकान सोडता येत नाही म्हणून नवरा आला नव्हता. नव्या सुनांनी उपाशीपोटी देवळात जायचं, ओळीनं बसायचं, पालखी आली की ओटी भरायची, निवद दाखवायचा, आणि मग घरी येऊन जेवायचं. सासूनं सांगितलं, सकाळी नऊला सगळं उरकतं, काळजी करू नको. आता देवळात चारचौघांत सुई काढायची सोय नव्हती. उरकून घरी यावं तर घर पाहुण्यांनी भरलेलं असणार. म्हणून निघायच्या आधीच, धान्याच्या खोलीत, मी जेवणाचं इन्सुलिन टोचून घेतलं. थोडा उशीर झालाच तर पदराला गाठ होती.

देवळाच्या पायरीवर सासूच्या नजरेला ती गाठ आली. निवद दाखवायच्या आधी पदरात खायचं बांधून देवीसमोर जायचं म्हणजे तिच्या मते घोर पाप. तिनं पदराची गाठ सोडली, आतली फडक्याची पुरचुंडी स्वतःच्या कमरेच्या पिशवीत घातली आणि म्हणाली, ‘‘माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. मागशील तवा देती.’’

मी दिली. नवी सून होते, मागं बायकांची रांग लागली होती, आणि ती मंडपातच, दहा हातांवर उभी राहणार होती. वडिलांचं बोलणं मला आठवत होतं, तरी दिली.

नऊ वाजून गेले तरी पालखी आली नाही. जत्रेच्या उद्घाटनाला एक पुढारी येणार होते आणि ते वाटेत कुठंतरी सत्कार घेत होते. त्यांच्याशिवाय पालखी उचलायची नाही असं मंडळानं ठरवलं होतं. देवी खोळंबली, ढोलवाले खोळंबले, आम्ही सुना ओळीनं बसलो होतो. माझ्या अंगातलं इन्सुलिन मात्र खोळंबलं नाही. त्याला पुढारी कळत नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. मांडीवरचं ताट खडखडायला लागलं तेव्हा कळलं की माझे हात थरथरताहेत. मानेवरून घाम ओघळला. मी वळून सासूकडं बघितलं आणि म्हटलं, आत्या, द्या. नेमकी तेव्हाच पालखी आली आणि ढोल सुरू झाले. मी परत ओरडले, द्या माझं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. शेजारची सून घाबरून बाजूला सरकली. कुणीतरी माझ्या कपाळावर हळदीचा भंडारा फासला. आणि एक बाई कळवळून म्हणाली, वारं आलं, वारं आलं, सुनेच्या अंगात आई आली.

आमच्याकडं अंगात देव येण्याला वारं येणं म्हणतात. ते आलं की माणसं पुढं बसतात, हात जोडतात आणि अडलेलं विचारतात. त्याला एक नियम आहे. वारं अंगात आहे तोवर त्या बाईच्या तोंडात अन्नाचा कण घालायचा नाही, देवी विटाळते. वारं उतरलं की मग पंचामृत द्यायचं.

आता चित्र डोळ्यासमोर आणा. माझ्या पायाशी ताटं येऊन पडत होती. पेढे, केळी, गूळ-खोबरं, साखरेचे पुडे. मला जगायला जे लागत होतं ते सगळं माझ्यापासून हातभर अंतरावर होतं, हळदीकुंकू वाहून. मी पेढ्याला हात घातला. दोन बायकांनी माझी मनगटं धरली आणि अगदी मायेनं म्हणाल्या, आई, आधी कौल द्या. एका म्हाताऱ्यानं बोअरला पाणी कुठं लागेल ते विचारलं. मी त्याला म्हटलं, तुझ्या मढ्यावर. त्यानं डोळे पुसत माझे पाय धरले. एका बाईनं विचारलं, लेकाला नोकरी कवा लागंल? तिला मी जे बोलले ते इथं लिहिता येत नाही. तिनं नारळ वाहिला. मग मला सासू दिसली, त्या गर्दीच्या पुढं, हात जोडून. मी तिच्याकडं बोट केलं आणि म्हटलं, ‘‘हिनं माझा घास काढून घेतलाय. मागा तिच्याकडनं.’’

सगळ्या देवळानं सासूकडं बघितलं. सासूनं पदर पसरला, माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, ‘‘चुकलं आई, पदरात घे.’’ एरवी ताटलीत मीठ कमी पडलं म्हणून मी तोंड उघडलं की तिला सुनेची जीभ लांब वाटायची. त्या दिवशी मी शिव्या घालत होते आणि ती नमस्कार करत होती. पण तिचा हात कमरेच्या पिशवीकडं गेला नाही.

मग मी पडले. देवी गेली असं समजून गुरवानं माझ्या तोंडात पंचामृत घातलं. दूध, दही, तूप, मध, साखर. त्यातलं काही बाहेर आलं, काही घशात गेलं. ते छातीत अडकून जीव जायचा, तो गेला नाही. सासऱ्यांनी भावकीतल्या एकाची गाडी काढली आणि मला विट्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या यंत्रावर आकडासुद्धा आला नाही, नुसतं ‘लो’ आलं. सासूनं डॉक्टरांना सांगितलं, उपासानं चक्कर आली. कम्पाउंडरनं माझ्या पोटावरचे सुयांचे डाग बघितले, तेव्हा तिनं मान फिरवली.

दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. मी तिला म्हटलं, आत्या, ती देवी नव्हती, माझी साखर उतरली होती. मला वाटलं होतं, तिला समजावून सांगावं लागेल. ती खिडकीकडं बघत बसली होती.

‘‘ठावं हुतं मला,’’ ती म्हणाली. ‘‘पर तितं काय सांगू? माजी सून सुया टोचून घेती म्हणू? धाकटी उजवायची हाय अजून.’’

मग तिनं पिशवीतून पुरचुंडी काढून उशाशी ठेवली. फडक्याची गाठ माझीच होती, जशी मी बांधली होती तशीच.

अडाणी माणसांवर मला इतका राग येत नाही. बोअरवाला म्हातारा अडाणी होता, मनगटं धरणाऱ्या बायका भाबड्या होत्या. त्यांना खरंच देवी दिसत होती. सासूला मी मरताना दिसत होते, आणि तिनं हात जोडले. अजूनही हे लिहिताना माझा हात थरथरतो, आणि आता साखर चांगली आहे, बघितली मी.

त्या दिवसापासून गावात माझा भाव वधारला. दर शुक्रवारी बायका नारळ आणि पेढे घेऊन ओट्यावर येऊन बसायच्या. मी स्वयंपाकघरात जाणूनबुजून पोटभर जेवत असायची. सासू बाहेर जाऊन सांगायची, आई निजल्यात, आज न्हाई येणार. पेढे ठेवून घ्यायची. सुनेला शुगर असली तर घराला बट्टा, आणि देवी असली तर पोरीच्या लग्नाला चार स्थळं जास्त. तशी ती खरंच आली. पुरचुंडी मात्र मी पुन्हा कुणाच्या हातात दिली नाही. सासूनं एकदा हात पुढं केला होता. मी तो धरून बाजूला केला.

नवरात्रात नणंदेला बघायला पाहुणे आले. साताऱ्याकडचे, माण-खटावचे, आमच्यातलेच, मुलगा सैन्यात. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मामा. चहा-पोहे झाले. नणंदेला प्रश्न विचारून झाले. मुलाच्या आईला ती पसंत पडल्याचं दिसत होतं. मी पोह्यांच्या ताटल्या गोळा करत होते तेवढ्यात त्या बाईंचा फोन वाजला. त्या बोलल्या, आणि फोन कानाला तसाच धरून आमच्याकडं बघून हसल्या.

‘‘शकुन बगा लय चांगला हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमच्या धाकट्या दिराची पोर हाय, सहावीत. तिच्या अंगात येतं. आत्ता घरी आई आल्यात.’’

सासू म्हणाली, व्हय का, आमच्या सुनंच्या बी अंगात येतं. आणि दोघी एकमेकींकडं अशा बघायला लागल्या, जणू दोन्ही घरांत सरकारी नोकरी असावी.

मी ताटल्या खाली ठेवल्या. विचारलं, तिला कधीपासून येतं? त्या म्हणाल्या, गेल्या सालापासनं, उपास धरला की हमखास येतं, आता नवरात्रात दिवसभर पोरगी नुसत्या पाण्यावर ऱ्हाती, आईचीच इच्छा. मी विचारलं, घाम येतो का? त्या म्हणाल्या, निथळती. मी विचारलं, ‘‘ती सुया घेती का?’’

त्या बाईंचं हसू गेलं. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं छताकडं बघितलं. सासू उठली आणि मला म्हणाली, तू आत जा. तिच्या आवाजात विनवणी होती, हे मला ऐकू आलं आणि त्याचा मला आनंदच झाला. मी आत गेले, धान्याच्या खोलीतून माझा डबा आणला आणि पाहुण्यांसमोर चटईवर उघडला. इन्सुलिनचं पेन, सुया, बोट टोचायचं यंत्र. म्हटलं, ‘‘माझ्या अंगात देवी न्हाई, शुगर हाय. लहानपणापासनं. तुमच्या पोरीची बी तीच असंल तर ती आत्ता मरतीय.’’

नणंद दारात उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता. मग मुलाची आई एकदम हलक्या आवाजात म्हणाली, घेती सुया, रोज घेती, पर कुणाला सांगू नगा, अजून दोन पोरं उजवायची हायत आमची.

दोन घरं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती, आणि दोन्हीकडं त्याचा नैवेद्य एका पोरीनं द्यायचा होता. हसावं की थोबाडावं हे मला कळेना.

मी म्हटलं, फोन लावा, तोंडात साखर घाला म्हणावं. त्यांनी फोन तोडलेलाच नव्हता. त्यांनी सांगितलं. फोन मोठ्या आवाजाचा होता, पलीकडून एका बाईचं बोलणं आम्हालाही ऐकू आलं, बहुतेक त्यांच्या जावेचं. मागं ढोल ऐकू येत होता. ती म्हणाली, आत्ता कसं घालू, आई बोलत्यात, माणसं बसल्यात, वारं उतरू दे मग बघू. मुलाची आई म्हणाली, अगं घाल. जाऊ म्हणाली, विटाळ हुईल, कोण निस्तरंल ते? मुलाच्या आईनं फोन कानापासून खाली घेतला. तिलाही ते पटत होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मी फोन घ्यायला पुढं झाले.

माझ्या आधी सासूनं घेतला. हिसकावलाच.

‘‘कोण बोलतीया ते नगं इचारू,’’ ती म्हणाली. ‘‘पोरीच्या तोंडात साखर घाल. आत्ता. विटाळ झाला तर माझ्या माथी, देवीचं मी बघून घेती. घातली का? घाल.’’

पलीकडं गडबड झाली. ढोल थांबला. सासू फोन कानाला लावून तशीच उभी राहिली, तिचे ओठ हलत होते. बऱ्याच वेळानं जाऊ म्हणाली, पोरगी रडाया लागलीया, भूक लागली म्हणती. त्या पोरीला तिच्या घरच्यांनी संध्याकाळी दहिवडीच्या दवाखान्यात नेलं. ती वाचली. आता ती डबा घेऊन शाळेत जाते आणि उपास करत नाही, हे मी दर महिन्याला फोन करून खात्री करून घेते. नणंदेचं लग्नही तिथंच झालं. लपवायला कुणाकडंच काही उरलं नव्हतं.

लोकांना हा शेवट आवडतो. माझ्या माहेरचे म्हणतात, बघ, शेवटी तुझ्या सासूनंच पोर वाचवली, माणूस बदलतो. गावात तर सासूचं कौतुक झालं. ओट्यावर शुक्रवारी येणाऱ्या बायका आता येत नाहीत, पण सासूला वाटेत थांबवून विचारतात, तुम्हाला कसं सुचलं?

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी भांडी घासत होते. सासू चुलीपाशी बसली होती. तिनं मला विचारलं, जेवलीस का? लग्नानंतर पहिल्यांदाच विचारलं असेल. मी म्हटलं, ‘‘आत्या, जत्रंदिवशी देवळात बी, घाल तिच्या तोंडात, एवढंच म्हणायचं हुतं. तुम्हाला येत हुतं की ते.’’

तिनं पदर तोंडाला लावला. मी हात धुतले, पदराची गाठ चाचपली आणि तिच्यासमोरच सुई टोचून जेवायला बसले.